लायसनवाला लाल

घंटागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं की धनराज गावित कचऱ्याची बादली घेऊन खाली उतरे. एकट्या माणसाचा कचरा तो केवढा, चार दिवस साठवला असता तरी चाललं असतं. पण नाशिक रोडच्या त्या कॉलनीत सकाळच्या या एका वेळी दारादारातून माणसं बाहेर येत, कुणी तरी कुणाला तरी काही तरी म्हणे, आणि त्यातलं एखादं वाक्य आपल्याही वाट्याला येईल म्हणून तो रोज जाई. त्या दिवशी बादली रिकामी करून तो वळला आणि सहज त्याने वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर, त्याच्या वरच्या बिलकिसभाभींच्या गॅलरीत, घेवड्याचा वेल गजांवर चढला होता आणि त्याच्या पानांच्या गर्दीतून एक वेगळं पान बाहेर डोकावत होतं. पाच बोटांचं, बोटांमधल्या खाचा खोल, देठ लालसर. धनराज बादली हातात धरून तिथेच थांबला. मागून स्कूटरवाल्याने हॉर्न दिला तेव्हा तो बाजूला झाला, पण नजर काही खाली येईना. द्राक्षाची पानं त्याने जन्मभर पाहिली होती. लोक माणसांचे चेहरे ओळखतात तसा तो वाण ओळखे. आणि हे पान कुठल्याही द्राक्षाचं नव्हतं. हे त्याच्या कंपनीचं पान होतं. तो घाबरला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. कारण एका म्हाताऱ्या बाईच्या पेंटच्या डब्यात उगवलेल्या पानाला घाबरावं असं त्यात काय होतं?

पण घाबरणं हाच त्याचा धंदा होता, म्हणजे दुसऱ्यांनी घाबरावं यासाठी त्याला पगार मिळे. कंपनी परदेशातली. तिने हा लाल, बिनबियांचा, कुरकुरीत वाण तयार केला होता, आणि तो तिच्या मालकीचा होता. मण्याची नव्हे, काडीची मालकी. मणी तुम्ही विका, खा, बोटीत भरून पाठवा, पण त्या वेलाची काडी कापून दुसरीकडे लावायची नाही. लायसन घेताना बागायतदार तशी सही करत. देशाच्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायची, दुसऱ्याला द्यायची बरीच मुभा दिली आहे, हे धनराजला पाठ होतं. करारात ती मुभा नव्हती, हेही पाठ होतं. वाणाचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, दिंडोरीकडे त्याला सगळे 'लायसनवाला लाल' म्हणत. धनराजचं काम बागेबागेतून हिंडायचं. परवानगीपेक्षा एक वेल जास्त दिसला की पानं तोडायची, पाकिटात घालायची, प्रयोगशाळेला पाठवायची. तिथून जुळलं किंवा नाही जुळलं असं उत्तर येई, आणि जुळलं तर पुढचं वकील बघत. ज्या घरात तो एकदा पानं तोडून आला, त्या घरात पुन्हा त्याला कुणी बस म्हटलं नाही. नाशिक जिल्ह्यात दारात आलेल्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच कळतं. भांडण झालं असतं तर बरं असं त्याला वाटे. लोक भांडत नसत. ते नीट उत्तरं देत, साहेब म्हणत, फाटकापर्यंत सोडायला येत आणि चहाचं नाव काढत नसत.

आणि छाटणीच्या दिवसांत तर त्याला उभंच राहावं लागे. छाटलेली काडी मेलेली नसते. ओल्या मातीत खोचली की डोळा फुगतो आणि महिन्याभरात मुळ्या धरतात. म्हणून लायसनच्या बागेतली प्रत्येक काडी बांधावर ढीग करून जाळायची, आणि ती जळेपर्यंत कंपनीच्या माणसाने समोर थांबायचं. धनराज थांबे. वाऱ्याने धूर अंगावर आला की डोळ्यांतून पाणी येई, आणि धुराच्या त्या वासात तो कुठल्या कुठे जाई. हाच वास त्याच्या लहानपणाला होता. पेठकडची भातकापणी आटोपली की त्याची आई तानुबाई आणि मावशी विठाबाई जीपच्या टपावर बसून टोळीबरोबर दिंडोरीला येत, तो आईच्या मांडीत. बायकांच्या हातात कात्र्या, वर मांडवाच्या तारा, आणि दिवसभर डोक्यावर तो कट कट आवाज. बाहेर ऊन रणरणत असलं तरी मांडवाखाली उजेड हिरवा आणि गार असे. त्या उजेडात आईचा चेहरा आजारी दिसे म्हणून तो रडायचा, आणि मावशी त्याला मांडवाबाहेर नेऊन आईला हाक मारायची, बघ, बरी हाय तुझी आई. संध्याकाळी प्रत्येक बाई काड्यांची एक मोळी बांधी आणि डोक्यावर घेऊन झोपडीकडे चालू लागे. त्या काड्यांवर नागलीची भाकरी होई. मोळी मजुरीत धरलेली नसे आणि फुकटही नसे. मालक ती देत नसे, बायका मागत नसत. जो छाटील त्याची मोळी, एवढंच होतं, आणि ते कुणी कुणाला कधी सांगितलेलं नव्हतं. हंगाम संपून पेठला परतताना जीपच्या टपावर शेवटच्या मोळ्या बांधलेल्या असत, आणि पुढचे कितीतरी दिवस डोंगरातल्या घरांतून द्राक्षाचा धूर निघे.

आई गेली तेव्हा तो आश्रमशाळेत नववीत होता. पुढचं सगळं मावशीने केलं. तिने त्याला कृषी पदविकेला घातला, नोकरी लागली तेव्हा गावभर गूळ वाटला, आणि लग्नासाठी मुली दाखवून दाखवून ती थकली. तिच्या मनात काही एक सून ठरलेली होती आणि याच्या मनात काहीच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे ते राहूनच गेलं. ती आता टोळीची मुकादमीण होती. गेल्या ऑक्टोबरात तिची टोळी नेमकी लायसनच्या बागेत आली. धनराजला बरं वाटलं होतं. दुपारी तिच्या डब्यातली भाकरी त्याने मांडवाखाली बसून खाल्ली. संध्याकाळी बायका मोळ्या बांधायला लागल्या तेव्हा तो पुढे झाला. त्याने नीट समजावलं. कंपनीचा नियम, मालकाची सही, एखादी काडी कुठे रुजली तर मालकावर बालंट, सगळं सांगितलं. बाकीच्या बायकांनी मोळ्या टाकल्या. विठाबाईची बांधून झाली होती. तिने विचारलं, "माझी बी?" तो म्हणाला, तुझीच आधी मावशे, नाहीतर लोक काय म्हणतील. हे वाक्य त्याला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं होतं. तिने गाठ सोडली, दोर गुंडाळून कमरेला खोचला, आणि पेटलेल्या ढिगाशी उकिडवी बसून एकेक काडी आत सारत राहिली, चुलीत सारतात तशी. घाईने नाही, रागाने नाही. मोळी संपल्यावर ती उठली आणि त्याच्या बाजूने निघून गेली. त्यानंतर त्याने फोन केला की तिची सून उचले आणि आत्याबाई रानात गेल्यात म्हणून सांगे. दिवाळी गेली, संक्रांत गेली. रानात एवढं काय काम असतं, हे डोंगरातल्या माणसाला सांगायची गरज नव्हती.

तो जिना चढून आला, बादली मोरीत ठेवली आणि तसाच कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसला. कारण आता त्याला आठवत होतं. मावशीने मोळी जाळली त्याच दिवशी सकाळी, निघताना, बिलकिसभाभींनी गॅलरीतून त्याला हाक मारली होती: गावितभाऊ, बागेत जाता ना, घेवड्याला आधार द्यायला चार सरळ काड्या मिळाल्या तर बघा. आणि संध्याकाळी, मावशी आगीशी बसलेली असताना, तो दुसऱ्या टोकाच्या ओळीतून फिरत होता, तेव्हा त्याने वाकून चार काड्या उचलल्या होत्या. बोटभर जाड, सरळ बघून. चाकूने पेरं साफ केली, खालचं टोक तिरपं कापलं, म्हणजे मातीत नीट जावं, आणि डिकीत टाकल्या. हे सगळं त्याच्या हातांनी केलं होतं. हातांना ते लहानपणापासून ठाऊक होतं. बागेतून रिकाम्या हाताने घरी जायचं नसतं, आणि कुणी काही मागितलं असेल तर ते न्यायचं असतं. तोंड एकीकडे नियम सांगत होतं आणि हात दुसरीकडे मोळी बांधत होते, आणि या दोघांची गाठ कुठेच पडली नव्हती. आज पडली. ऑक्टोबरपासून आजपर्यंत एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं की त्या काड्या त्याच होत्या. मावशीला नाही म्हटलेल्या काड्यांतल्याच चार त्याने शेजारणीला नेऊन दिल्या, वर तिरपं टोकही काढून दिलं. कंपनीला हे सांगून पटलं असतं का, हा प्रश्न वेगळा. मावशीला पटलं असतं का, या प्रश्नाने त्याचे कान गरम झाले.

संध्याकाळी बिलकिसभाभींनीच त्याला वर बोलावलं. त्यांचे यजमान बद्रुद्दीन नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. मुलगी आयत मनमाडला रेल्वे क्वार्टरमध्ये दिलेली. अख्ख्या इमारतीत धनराजच्या दारावर थाप मारणाऱ्या त्या एकट्या. कधी वाटीभर खिमा, कधी शिरखुर्मा, कधी नुसतंच, लाइट तुमच्याकडे आहे का हो. त्याचं काम काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. बागेचे साहेब, एवढंच. त्यांनी गॅलरीत नेऊन घेवडा बाजूला सारून दाखवला. चारातल्या तीन काड्या वाळून गेल्या होत्या, एक तेवढी फुटली होती, आणि फुटली ती चांगली हातभर वर जाऊन गजाला ताणे गुंडाळून बसली होती. "मी म्हटलं घेवड्याला हे काय झालं," त्या म्हणाल्या. "मग समजलं, अंगूर आहे. नसीब बघा, लावला घेवडा आणि आला अंगूर." पुढे त्यांचे बेत तयारच होते. उन्हाळ्यात वेल वाढला की त्याच्या काड्या करायच्या. एक आयतच्या क्वार्टरमध्ये, तिथे मागे मोकळी जागा आहे; एक खालच्या वाण्याकडे, त्याने मागितली आहे; एक मशिदीच्या अंगणात. बोलताना त्या पानावरची धूळ पदराने पुसत होत्या. धनराज हो हो म्हणत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे मनमाडचं क्वार्टर आलं, तिथून सासरच्या कुणाच्या मळ्यात गेलेली काडी आली, मळ्याच्या मांडवावर लटकलेला लाल घड आला, आणि त्या घडाखाली पाकीट घेऊन उभा असलेला एक माणूस आला. त्या माणसाचं तोंड बघायची त्याला गरज नव्हती.

पुढचे काही दिवस त्याने ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. एका डब्यातल्या वेलासाठी कुणी मुंबईहून वकील पाठवत नाही. पण मागच्या वर्षी एका मास्तरांच्या अंगणातला वेल त्यानेच शोधला होता. मास्तरांनी ती काडी मेहुण्याला दिली होती, मेहुण्याने अर्धा एकर बाग उभी केली होती, आणि मेहुण्याच्या बागेपासून मागे मागे येत तो त्या अंगणात पोचला होता. तेव्हा त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. मास्तर आणि मेहुणा आता एकमेकांच्या दारात जात नाहीत, हे त्याला नंतर कुणी तरी सांगितलं. तर असा माग निघतो, आणि या वेलाचा माग कुठे येऊन थांबेल ते उघड होतं. नोकरी जाईल याची भीती होतीच. चाळिशी उलटलेल्या माणसाला, ज्याचं नाव घेतल्यावर बागायतदार गप्प होतात, त्याला दुसरं कोण ठेवणार? पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला नोकरी आठवत नसे. आठवे ती मशिदीच्या अंगणातली काडी, मनमाडची काडी, वाण्याची काडी, आणि या सगळ्या दारांत बिलकिसभाभींच्या नावाने होणारी चौकशी. मग भाभी त्याच्या दारावर थाप मारायला येणार नाहीत. वरच्या मजल्यावर त्यांच्या चपलांचा आवाज होई तेव्हा तो मोजून श्वास घ्यावा तसा पडून राही. जगात एक दार उघडं राहिलं होतं आणि त्याच्या फटीतून हे झाड उगवलं होतं.

शेवटी एका रविवारी सकाळी तो वर गेला. सांगायचं त्याने ठरवलं होतं, सगळं, पहिल्यापासून. भाभींनी पाट दिला, चहा ठेवला. त्याने सुरुवात केली, की भाभी, तो वेल आहे ना, तो तसा साधा नाही, आमच्या कंपनीचा आहे, म्हणजे तो असा कुणाकडे असायला नको असतो, तो खरं तर माझ्याकडेच... आणि तिथे त्याची गाडी अडली. बिलकिसभाभी त्याच्याकडे बघत होत्या, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"अहो, पाहिजे तर सरळ मागायचं ना," त्या म्हणाल्या. "एवढं शरमायला काय झालं?"

तो नाही नाही म्हणत असतानाच त्या उठल्या. गजावरचे ताणे एकेक करून सोडवले, घेवड्याच्या दोऱ्या कापल्या, आणि अख्खा डबा उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने आयतचं नाव काढलं. आयतला दुसरं काही देईन, त्या म्हणाल्या. तुम्ही कधी काही मागत नाही, आज मागितलंत. गॅलरीचा तो कोपरा एकदम उघडा पडला आणि तिथून समोरच्या इमारतीची टाकी दिसू लागली. धनराजने डबा छातीशी धरला आणि जिना उतरला. पाठीमागून भाभींनी बजावलं, की पाणी रोज घाला, विसरू नका. त्याला रडू येतं आहे हे त्याला आपल्या दाराचं कुलूप उघडताना कळलं, कारण किल्ली लागेना.

डबा खोलीच्या मध्यावर ठेवून तो त्याच्यापुढे बसला. करायचं काय ते सोपं होतं. उपटायचा, तुकडे करायचे, गच्चीवर नेऊन काडेपेटी लावायची. इतक्या बागांतून हेच केलं होतं. त्याने चाकूही आणला. पण ज्याला बागाबागांतून कधी कुणी काही दिलं नव्हतं अशा माणसाला मिळालेली ती वस्तू होती, आणि ती न मागता मिळाली होती, चुकून मिळाली होती. आणि चाकू हातात असताना त्याच्या मनात तो विचार आला, इतका सरळ की आधी का सुचला नाही याचंच नवल वाटावं. ही काडी मावशीची होती. त्या दिवशी, त्या बागेतली, तिच्या टोळीने छाटलेली. मोळी जळाली, पण मोळीतली एक उरली. ती नेऊन तिला द्यायची. काही बोलायलाही लागणार नाही, बघताक्षणी तिला कळेल. त्याने चाकू ठेवला, तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला. डबा पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावला आणि स्वतःशीच हसला. पेठ नाका मागे पडला, सावळघाटात उन्हाने डोंगर करपून गेलेले होते, करंजाळी गेली, आणि वळणावळणाला तो एका हाताने डबा सावरत होता. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

विठाबाई अंगणात भाताचा पेंढा सारखा करत होती. त्याला बघून ती थांबली. मग आली, पाण्याचा तांब्या दिला, खाट टाकली. सुनेला चहा ठेवायला सांगितलं. चहा, हा शब्द ऐकून तो खाटेवर नीट टेकून बसला. पाऊसपाण्याचं बोलणं झालं, गावातल्या गुरांचं झालं. तो वाळला आहे असं ती म्हणाली. मग त्याने गाडीतून डबा आणून तिच्यापुढे ठेवला आणि सांगितलं, सगळं सांगितलं: ऑक्टोबरातली ती संध्याकाळ, चार काड्या, घेवडा, भाभी. त्या दिवशी मी चुकलो मावशे, असंही म्हणाला. हे तुझं आहे, अंगणात लाव, मांडव मी घालून देतो. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा हात पुढे झाला, पानाखालून फिरला, आणि नखाने तिने एक बगलफूट खुडली, मग दुसरी. जुन्या सवयीने. धनराजला वाटलं, झालं, मिटलं. तो त्या हाताकडे बघत राहिला आणि त्याला मांडवाखालचा तो गार उजेड आठवला, त्यातून आपल्याला बाहेर नेणारी ही बाई आठवली.

"चांगला फुटलाय," ती म्हणाली. "पर धन्या, ह्यो हितं नको ठेवू. कंपनीचा मानूस यील बघाया."

त्याला हसू आलं. "कोणी येत नाही मावशे. या सगळ्या तालुक्यांना मी एकटाच आहे. मीच तर येतो."

"त्येच म्हनते," विठाबाई म्हणाली.

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. सुनेने चहा आणला, तो तिने बशीत ओतून त्याच्या हातात दिला, आणि तो पिऊन होईपर्यंत ती समोर बसली. मग तिने स्वतःच डबा उचलला, गाडीपर्यंत नेला, सीटवरची सांडलेली माती पदराने झाडली आणि वेल दारात चिमटणार नाही असा आत वळवून ठेवला. घाटात सावकाश जा, एवढंच सांगितलं.